हायब्रिड इंजिनाला हार्मोनिक बॅलन्सर कोणता लावावा? तीन पुल्या समोर आहेत

काळीमाती (पांढरकवडा)

मंडळी, रामराम. हायब्रिड म्हणजे इथं बॅटरीवाली गाडी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन इंजिनांचं मिळून एक केलंय.

गाडी जिप्सी. तिचं मूळ इंजिन 1298 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75.5 मिमी. त्यातलं हेड ठेवलं, पुढचे ब्रॅकेट ठेवले, टायमिंगचं झाकण कापून-जोडून बसवलं. खालचा ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा दांडा) एका 1.6 लिटरच्या जुन्या सेडानचा, बोअर 75, स्ट्रोक 90. डोनर गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे तीस प्रतिसाद तिच्या आठवणींत जातील. टिपेश्वरच्या सफारीशी या गाडीचा संबंध नाही. ही माझी शेतातली, आणि पावसाळ्यात मित्रांसोबत नाल्यात घालायची. इंजिन मिनिटाला 6500 फेऱ्यांपर्यंत फिरवायचा विचार आहे.

आता मुद्दा. हार्मोनिक बॅलन्सर म्हणून, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाला पट्ट्याची पुली म्हणून, लावायला माझ्याकडे तीन पुल्या आहेत.

पहिली जिप्सीसोबत आलेली. सबंध लोखंडी, रबर नाही. आधीच्या मालकानं बदलली असेल तर माहीत नाही.

दुसरी नागपूरच्या कबाड्यानं 1.6 च्या ब्लॉकसोबत तशीच दिली. मधे रबराची कडी, बाहेर जाड रिंग, रिंगला मागून तीन भोकं, तिन्ही एकाच अंगाला. ती त्याच इंजिनाची आहे का, हे त्यालाही सांगता येईना. "बसते ना? मंग झालं," म्हणे.

तिसरी ऑनलाइन मागवलेली ॲल्युमिनियमची, निळी. तिच्यावर 'रेसिंग' लिहिलंय. हातात घेतली की खेळणं वाटतं.

तिन्ही क्रँकच्या नाकावर जातात. सध्या दुसरी लावून आठवडाभर चालवून राहिलो. सीटवर हादरे अजिबात नाहीत, म्हणून बॅलन्सिंग ठीक आहे असं धरू का? फक्त 4000 च्या वर पट्टा किंचाळतो. आणि ठिणगीची वेळ तपासायची टायमिंग लाइट मारली की पुलीवरची खूण जिथं दिसायला पाहिजे तिथं दिसत नाही.

तर्रीपोहा (नागपूर)

हायब्रिड म्हटल्यावर मी ज्वारीचा धागा समजून आलो होतो. आमच्या आजीच्या तोंडी हायब्रिड म्हणजे रेशनची ज्वारी, आणि तिची भाकर नको म्हणून आजोबांचा रुसवा. असो. तज्ज्ञ येईपर्यंत खुर्ची धरून बसतो.

गप्पापुरे (अकोला)

भाऊ, चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनाला एवढा उपद्व्याप कशाला? देशात कितीतरी गाड्या साध्या लोखंडी पुलीवर आयुष्य काढतात. पहिली लावा आणि मोकळे व्हा. आणि हो, इंजिन बदललंय तर आरसीवर चढवलं का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा, नाहीतर विम्याच्या वेळी बॅलन्सरपेक्षा मोठं दुखणं निघेल.

काळीमाती

आरटीओचं काम चालू आहे, त्याचा वेगळा धागा होईल. पुली सांगा.

डेट्रॉइटचा वऱ्हाडी

मूळचा मोर्शीचा, आता इकडे मिशिगनात. हौस म्हणून जुनी अमेरिकन व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं जोडतो. इकडे हा घोळ रोजचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा एक गाठ सोडवू. या भागाचं नावच फसवं आहे. हार्मोनिक बॅलन्सर म्हटलं की वाटतं, हा इंजिन बॅलन्स करतो. बहुतेक इंजिनांत तो काहीच बॅलन्स करत नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि उलटा सुटतो, पिळलेला सुंभ सोडल्यासारखा. हा पीळ शमवणं त्याचं खरं काम. त्याला डॅम्पर म्हणावं. पण काही इंजिनांत कंपनीनं क्रँकच्या बॅलन्सचं थोडं वजन या डॅम्परच्या रिंगवर आणि मागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, टाकलेलं असतं. त्याला इकडे एक्स्टर्नल बॅलन्स म्हणतात. तिथे हाच भाग दोन्ही कामं करतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

शेवरलेचं 350 स्मॉल ब्लॉक घ्या, आकडा घन इंचांतला. 1985 पर्यंतच्या 350 चा क्रँक आतूनच बॅलन्स आहे, पुढची रिंग तटस्थ, म्हणजे कोणत्याच बाजूला जड नाही. त्याच घराण्यातलं 400, 1970 ते 1980 मधलं, पुढे-मागे दोन्हीकडे वजन टाकून बॅलन्स केलेलं. आता लोक काय करतात? 350 च्या ब्लॉकमध्ये 400 चा क्रँक टाकून 383 बनवतात. तुमच्यासारखंच हायब्रिड. आणि 'ब्लॉक 350 चा आहे ना' म्हणून 350 ची रिंग लावतात. चूक. रिंग ब्लॉकची नसते, क्रँकची असते. 1986 पासून 350 चं मागचं ऑइल सील बदललं, तेव्हा फ्लायव्हीलकडच्या बाजूला थोडं वजन आलं, पुढची बाजू तटस्थच राहिली. म्हणजे एकाच 350 मध्येही साल विचारावं लागतं.

फोर्डच्या 302 मध्ये त्याहून वाईट. जुन्या 302 ला 28 औंस-इंचाचं असंतुलन रिंगवर लागतं, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या इंजिनांना 50. दोन्ही रिंगा एकमेकांच्या जागी आरामात बसतात. मी हा धडा स्वतः घेतलाय. जुना क्रँक, जुनं फ्लायव्हील, आणि दुकानातून आणलेली रिंग डब्यावर '302' वाचून घेतलेली. ती निघाली 50 वाली. 2500 ला आरसा थरथरला, 3000 ला डॅशबोर्डचे स्क्रू गळायला लागले. पॅन खोलला तेव्हा पुढच्या मेन बेअरिंगवर तांबं दिसत होतं.

तेव्हा काळीमाती, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. तुमच्या क्रँकला रिंगवर वजन लागतं का? इनलाइन चार सिलिंडरमध्ये सहसा लागत नाही. आणि ही रिंग कोणत्या क्रँकच्या पिळासाठी बनवलेली आहे?

दारव्ह्याचा मास्तर

वरच्या औंस-इंचाचं आपल्या भाषेत करून ठेवतो, नववीच्या पोरांनाही कळेल.

1 औंस-इंच म्हणजे 72 ग्रॅम-सेंटिमीटर. 50 वजा 28, फरक 22, म्हणजे 1584 ग्रॅम-सेंटिमीटर. सोपं चित्र: केंद्रापासून 8 सेंटिमीटरवर दोनशे ग्रॅमचं माप चिकटवल्यासारखं. एवढंसंच. पण बल जातं वेगाच्या वर्गानं. 3000 फेऱ्यांना ते माप क्रँकच्या नाकाला सुमारे 160 किलोच्या जोरानं ओढतं. 6000 ला चौपट, जवळपास 638 किलो. म्हणजे सहा क्विंटलच्या वर कापूस त्या नाकाला टांगलाय आणि तो सेकंदाला शंभरदा गोल फिरतोय.

डेट्रॉइटकरांच्या बेअरिंगमधलं तांबं त्यातून दिसलं.

डेट्रॉइटचा वऱ्हाडी

सर, हा हिशेब मी रिंग लावायच्या आधी करायला पाहिजे होता.

वाडीफोरमन (वाडी, नागपूर)

मी वाडीले ट्रकच्या इंजिनात तीस वर्सं काढले. मोठ्या सहा सिलिंडरले रबरवाला बी येते अन् तेलवाला बी येते. तेलवाल्याच्या आत सिलिकॉनचं घट्ट तेल असते, मधात जड रिंग फिरते, वरून सीलबंद डबी. त्याले पोचा गेला का तो बाद. पोऱ्हं हातोडा मारतेत त्याच्यावर अन् मंग म्हणतेत क्रँक काऊन तुटला.

काळीमाती भाऊ, तुमची एक गोष्ट मले खटकली. सीटवर हादरे नाई म्हून ठीक हाय, हे डोक्यातून काढा. गाडी हालते ते असंतुलन, नाईतर माउंटिंग गेलं. पीळ हा सीटवर येतच नाई. इंजिन गोड चालते अन् क्रँक आतल्या आत थकते. एक दिवस दोन तुकडे. माझ्याकडे आलेल्या तुटल्या क्रँकचे डायवर सांगत, "काका, काल तं मस्त चालत होती." पिळाची खूण पाहाची असन तं फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले होतेत का, पुढचा मेन बोल्ट सुटते का, पुलीची जागा दाखवणाऱ्या लोखंडी चावीच्या खाचेत लाल भुकटी दिसते का, थे पाहा.

आता रबरवाली पुली. अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहा. रुतलं तं जीव हाय. नख घसरलं, नाईतर रबर बाहेर फुगून आलं, भेगा गेल्या, तं थे रबर नाई, दगड हाय. अन् पांढऱ्या पेंटानं मधल्या हबपासून रबरावरून रिंगपर्यंत एक सरळ रेघ मारा. अर्धा तास चालवा, थंड करा, पाहा. रेघ तुटली तं रिंग सरकली. सरकल्या रिंगवरची टायमिंगची खूण म्हंजे गावाच्या घड्याळासारखी, टाइम दाखवते पण कोणता थे इचारू नका.

गप्पापुरे

फोरमनसाहेब, मान्य. पण माझा प्रश्न तसाच आहे. छोट्या चार सिलिंडरला कंपन्या साधी पुली देतातच ना? मग ते क्रँक तुटत कसे नाहीत?

दारव्ह्याचा मास्तर

प्रश्न रास्त आहे, टिंगल नको. चार सिलिंडरचा क्रँक आखूड, म्हणून ताठ. ताठ दांड्याची स्वतःची कंपनसंख्या उंच असते. इंजिनाचे ठोके तिच्यापर्यंत पोचतच नसतील तर साधी पुली चालते. चार सिलिंडर चार स्ट्रोकमध्ये एका फेरीत दोन स्फोट. 3000 ला सेकंदाला 100 ठोके, 6000 ला 200. त्याच्या दुपटी-तिपटीही सोबत येतात, 400, 600. कंपनीनं हे गणित त्या क्रँकसाठी, त्या फ्लायव्हीलसाठी, त्या कमाल फेऱ्यांसाठी केलेलं असतं.

आता काळीमातींनी काय बदललं ते पाहा. स्ट्रोक 75.5 चा 90. क्रँकपिन केंद्रापासून 7.25 मिमी बाहेर गेली. क्रँकमध्ये मेन जर्नल (ब्लॉकमध्ये फिरणारा भाग) आणि पिन जर्नल (रॉड बसतो तो भाग) समोरून पाहिलं तर एकमेकांवर थोडे चढलेले असतात, त्या चढीत क्रँकचा ताठपणा आहे. जर्नलचे व्यास तेच धरले तर चढ तेवढ्याच 7.25 मिमीनं कमी होते. क्रँक मऊ झाला. पिस्टन-रॉडचं वजन वाढलं असेल तर जडही झाला. मऊ आणि जड, दोन्हींनी कंपनसंख्या खाली येते. आणि तुम्ही फेऱ्या 6500 पर्यंत वर नेताय. एक खाली येतोय, दुसरा वर जातोय, मधे गाठ पडणार.

म्हणून जिप्सीची पुली जिप्सीच्या क्रँकला पुरत असेल, त्यावरून या क्रँकला पुरेल असं म्हणता येत नाही. निळ्या ॲल्युमिनियमचं तेच. हलकी आहे म्हणून इंजिन भरभर चढल्यासारखं वाटेल, पण पीळ शमवणारं तिच्यात काहीच नाही. या क्रँकसोबत कारखान्यातून रबरवाली आली असेल तर निळी लावणं म्हणजे डॅम्पर काढून फेकणं.

काळीमाती

सर, हे डोक्यात बसलं. निळी बाजूला ठेवली.

मग दुसरीच्या त्या तीन भोकांचं काय? एकाच अंगाला आहेत. म्हणजे ती एक्स्टर्नल बॅलन्सवाली का?

डेट्रॉइटचा वऱ्हाडी

बहुधा नाही. कारखान्यात प्रत्येक रिंग तिच्यापुरती बॅलन्स करतात आणि जड बाजूला थोडं ड्रिल मारतात. ती लहान भोकं वेगळी. एक्स्टर्नलवाल्या रिंगेत अर्ध्या चंद्रासारखा मोठा खळगा असतो, नाहीतर एका बाजूला ठसठशीत वजन ओतलेलं असतं, लांबून दिसतं. तरी डोळ्यावर विसंबू नका. जिथे क्रँक बॅलन्स करून मिळतो तिथे रिंग एकटी फिरवून घ्या. चार सिलिंडरच्या क्रँकला आमच्या व्ही-8 सारखी खोटी वजनं टांगावी लागत नाहीत, काम स्वस्तात होईल. आधी एकटा क्रँक, मग फ्लायव्हील, मग रिंग, प्रत्येक वेळी वेगळं माप घ्यायला सांगा. सगळं एकत्र बांधून एकदाच केलं तर उद्या क्लच बदलताना बॅलन्स कुठे गेला ते कळणार नाही.

तर्रीपोहा

तीस प्रतिसाद आठवणींत जाणार नाहीत असं वाटलं होतं, पण 90 स्ट्रोकवरून गाडी ओळखली. आमच्या काकांकडे चांदीच्या रंगाची होती. जातो.

काळीमाती

चार दिवसांनी लिहितोय. शनिवारी शेडमध्ये बसून सगळं केलं. जमेल तसं सांगतो.

पहिलं, खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, शोधला. पट्टा काढला, चारही प्लग काढले. जुन्या प्लगचं चिनीमातीचं काढून त्यात बोल्ट आटून एक अडकण बनवली आणि एक नंबरच्या भोकात बसवली. मग क्रँक हातानं, पान्यानं, हळूहळू फिरवला. पिस्टन अडकणीला टेकला, रिंगवर खडूनं खूण. उलटा फिरवला, दुसऱ्या बाजूनं टेकला, दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे खरा टीडीसी. हे करताना स्टार्टरला हात लावायचा नाही. मी बॅटरीची तारच काढून ठेवली, कारण पोरगा शेडमध्ये खेळत होता.

खरा टीडीसी आणि रिंगवरची कंपनीची खूण यात 14 मिमीचा फरक निघाला. रिंगचा व्यास 150 मिमी, परिघ 471, म्हणजे एक अंशाला 1.3 मिमी. जवळजवळ 11 अंश. मी आठवडाभर 11 अंशाच्या खोट्यावर टायमिंग लावत होतो.

आधी सगळा दोष झाकणावर टाकला. कापून-जोडून बसवलेलं जिप्सीचं झाकण, त्यावरचा टायमिंगचा काटा सरकणारच. पण फोरमनकाकांचं ऐकून पांढरी रेघही मारली. 25 मिनिटं चालवली, अधूनमधून 4500 पर्यंत नेली. थंड झाल्यावर टॉर्च मारला तर रेघ रबरापाशी तुटलेली. हबवरचा तुकडा इकडे, रिंगवरचा तिकडे, मधे जवळपास दोन मिमी. म्हणजे दोष दोघांचाही. नख लावलं तर कुत्र्याच्या पट्ट्याच्या जुन्या चामड्यासारखं लागलं.

पुली काढली. मेन बोल्ट पान्याला लागला तेव्हा वाटलं तेवढा जोर आला नाही. मीच घट्ट केला होता. वॉशरखाली तपकिरी-लाल भुकटी.

वाडीफोरमन

थेच सांगत होतो. भुकटी म्हंजे लोखंड लोखंडावर घासलं. लोकाले वाटते पुली चावीवर फिरते. चावी फक्त जागा दाखवते. खरा जोर बोल्टच्या दाबानं जाते. दाब कमी झाला का सगळा मार चावीवर, मंग खाच खाते, मंग नाकच जाते. खाच पाहाली का?

काळीमाती

पाहिली. चावीच्या एका बाजूला चमक आहे, पायरी पडलेली नाही. नखाला काही लागत नाही.

वाडीफोरमन

वाचली मंग. चावी नवी टाका. बोल्ट बी नवा. नाक अन् पुलीचं तोंड रॉकेलनं साफ करा. बोल्टचा टॉर्क त्या 1.6 च्या मॅन्युअलमधला घ्या, जिप्सीचा नाई, अन् टॉर्क पान्यानंच. अंदाजानं नाई. अन् पुली घट्ट जात असन तं हातोड्यानं ठोकू नका. ठोकलं का रबर बी मरते अन् धक्का सरळ क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जाते. बोल्ट-नट लावून ओढून बसवा.

काळीमाती

मधे इंजिन खोलून हिंगणा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्रँक, फ्लायव्हील, तिन्ही पुल्या घेऊन गेलो. क्रँक एकटा फिरवला, थोडासाच फरक होता, एका काउंटरवेटला ड्रिल मारलं. म्हणजे क्रँक आतूनच बॅलन्स आहे, रिंगवर वजन लागत नाही. भोकवाली पुली एकटी फिरवली, तीही तटस्थ. डेट्रॉइटदादा म्हणाले तसंच. तिला असंतुलनाचा दोषच नव्हता, तिचं रबर मेलं होतं.

मग ब्लॉकवरचा इंजिन नंबर घेऊन नागपुरात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाला जिप्सी म्हटलंच नाही, नाहीतर तो जिप्सीचंच काढून देतो. फक्त क्रँकच्या इंजिनाचा नंबर दिला. त्यानं जी पुली काढली ती माझ्याकडच्या तिघींपैकी एकीशीही जुळत नाही. म्हणजे कबाड्यानं दिलेली तिसऱ्याच कुठल्या गाडीची. नवी घेतली, चावी आणि बोल्ट सोबत.

आता ती जिप्सीच्या झाकणासमोर बसवल्यावर खूण आणि काटा जुळायचा प्रश्नच नाही. टीडीसी परत काढला, वेल्डिंगच्या रॉडचा काटा वाकवून ब्लॉकच्या बोल्टखाली बसवला, आणि रिंगला बारीक कानशीनं नवी खाच मारली. जुनी खूण पेंटनं बुजवली, नाहीतर दोन वर्षांनी मीच फसेन.

दारव्ह्याचा मास्तर

काटा ब्लॉकला बांधला हे उत्तम. झाकण कापलेलं आहे, ते कधीही हलेल. टायमिंग लाइटखाली खूण आता एका जागी उभी राहते का?

काळीमाती

राहते. 2000 ला, 4000 ला, तिथंच. आधी थरथरायची, मी म्हणायचो लाइट स्वस्त आहे.

गप्पापुरे

पट्ट्याचं किंचाळणं?

काळीमाती

ते राहिलंय. नव्या पुलीची खोबण आणि जिप्सीच्या ब्रॅकेटवरचा अल्टरनेटर एका रेषेत नाहीत. सरळ पट्टी पुलीला टेकवून पाहिली, अल्टरनेटर 3 मिमी मागे आहे. मोह झाला होता पुलीच मागे सरकवायचा, हबखालून थोडं खरडून.

डेट्रॉइटचा वऱ्हाडी

पुलीला हात लावू नका! अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे तेवढ्या जाडीचे वॉशर टाका. पाण्याच्या पंपाची पुलीही त्याच पट्टीनं तपासा, नाहीतर एक सरळ होईल आणि दुसरी वाकडी.

काळीमाती

बरं. वॉशर टर्नरकडून करून घेतो. पण या हप्त्यात नाही, उद्यापासून कापूस वेचायला बाया येणार आहेत आणि गाडीला ट्रॉली लागते. पावसाळ्याला वेळ आहे.

वाडीफोरमन

ट्रॉली लावा, पण 500 किलोमीटर झाले का मेन बोल्टवर टॉर्क पाना एकदा ठेवून पाहाजा. अन् निळी पुली फेकू नका, मले द्या. शेडमधल्या ग्राइंडरले लावतो.